काउंटर चार, इव्हेंट दहा: लिनक्स कर्नल परफॉर्मन्स काउंटरचं वाटप कसं करतो

प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरमध्ये नुसती मोजणी करणारी काही रजिस्टर असतात. किती इन्स्ट्रक्शन पूर्ण झाल्या, कॅशमध्ये डेटा किती वेळा सापडला नाही, ब्रँचचा अंदाज किती वेळा चुकला, हे सगळं ती मोजतात आणि चालू प्रोग्रॅमला त्याचा जवळजवळ काहीच त्रास होत नाही. अडचण वेगळीच आहे. मोजण्यासारख्या घटना शेकड्यांनी आणि मोजणारे काउंटर मोजून चार, सहा किंवा आठ. मग कोणत्या इव्हेंटला कोणता काउंटर, किती वेळ, आणि दुसऱ्याला कधी, हे कुणीतरी ठरवायला हवं. लिनक्समध्ये ते काम कर्नलमधली पर्फ इव्हेंट्स ही यंत्रणा करते.

या यंत्रणेची पर्फ ही कमांड वापरणारे बहुतेक जण स्क्रीनवरचा आकडा म्हणजे हार्डवेअरने मोजलेला आकडा असं धरून चालतात. खरं तर त्या आकड्यामागे एक वाटप झालेलं असतं. ते कसं झालं हे ठाऊक नसेल, तर दोन आकड्यांचा भागाकार करून काढलेला निष्कर्ष साफ चुकू शकतो. म्हणून हा लेख आधी वापरणाऱ्याच्या बाजूने सुरू होतो, मग कर्नलच्या आत शिरतो आणि शेवटी स्वतःचा ड्रायव्हर लिहिणाऱ्यापर्यंत जातो. कमांड, फाइल आणि फंक्शनची नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना नेहमीचं रोमन स्पेलिंग वापरा.

थोडी पार्श्वभूमी. २००८ च्या डिसेंबरमध्ये थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोलनार यांनी या यंत्रणेचे पहिले पॅच मांडले. त्याआधी स्टेफान एरानियन यांचा पर्फमॉन२ हा प्रकल्प होता. त्यात कोणता इव्हेंट कोणत्या रजिस्टरमध्ये जाणार हे युजर स्पेसमधली लायब्ररी ठरवायची. नव्या रचनेत तो निर्णय कर्नलकडे आला. सप्टेंबर २००९ च्या २.६.३१ आवृत्तीत ही रचना मुख्य कर्नलमध्ये दाखल झाली. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता, कारण एकाच वेळी अनेक जण काउंटर मागत असतील तर सगळ्यांची मागणी फक्त कर्नललाच दिसते.

पायरी १: आपल्या मशीनवर काउंटर किती आणि मोकळे किती

डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत, 'परफॉर्मन्स इव्हेंट्स' शोधा. एक्स८६ वर बूट होताना कर्नल तिथे जनरल काउंटर, फिक्स्ड काउंटर आणि काउंटरची रुंदी छापतो. इंटेलच्या सँडी ब्रिजपासून स्कायलेकपर्यंतच्या कोअरमध्ये हायपर-थ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड चालवण्याची सोय) चालू असेल तर दर थ्रेडला ४ जनरल काउंटर मिळतात, बायोसमधून ते बंद केलं तर ८. शिवाय ३ फिक्स्ड काउंटर असतात आणि त्यांची कामं ठरलेली असतात: पूर्ण झालेल्या इन्स्ट्रक्शन, कोअर सायकल आणि रेफरन्स सायकल. आइस लेकपासून दर थ्रेडला ८ जनरल काउंटर आणि पाइपलाइनचे स्लॉट मोजणारा चौथा फिक्स्ड काउंटर आला. एएमडीच्या झेन कोअरमध्ये ६ काउंटर आहेत. आर्मच्या बऱ्याच कोअरमध्ये ६ काउंटर आणि सायकलसाठी एक स्वतंत्र काउंटर असतो.

हा झाला कागदावरचा हिशोब. आता मोकळे किती ते बघा. /प्रोक/सिस/कर्नल/एनएमआय_वॉचडॉग ही फाइल वाचा. तिथे १ असेल तर दर सीपीयूवर एक सायकल इव्हेंट कायमचा बसलेला असतो. सीपीयू अडकला आहे का, यावर तो लक्ष ठेवतो. तो पिन्ड असतो, म्हणजे त्याला कुणी उठवू शकत नाही. इंटेलवर तो सहसा सायकलचा फिक्स्ड काउंटर पटकावतो आणि मग तुमचा सायकल इव्हेंट जनरल काउंटर मागायला येतो. हे लक्षात ठेवा, पुढे याचाच सापळा लागणार आहे.

व्हर्च्युअल मशीनमध्ये काम करत असाल तर हायपरव्हायझरने काउंटर आत दिलेले आहेत का, ते आधी तपासा. दिलेले नसतील तर पर्फ 'नॉट सपोर्टेड' म्हणून मोकळा होतो, तिथे शेड्युलिंगचा प्रश्नच येत नाही. 'नॉट सपोर्टेड' आणि 'नॉट काउंटेड' यांची मात्र गल्लत करू नका. पहिल्यात हार्डवेअरच नाही. दुसऱ्यात हार्डवेअर आहे, पण तुमच्या इव्हेंटची पाळीच आली नाही.

पायरी २: कंसातला टक्का वाचायला शिका

पर्फ स्टॅटला -ई देऊन आठ-दहा हार्डवेअर इव्हेंट एकदम मागा. ओळीच्या शेवटी कंसात टक्के दिसतील, समजा ४० टक्के. याचा अर्थ तो इव्हेंट चालू असलेल्या वेळापैकी फक्त ४० टक्के वेळ प्रत्यक्ष काउंटरवर होता. उरलेला आकडा पर्फने अंदाजाने भरून काढला आहे. शंभर टक्के असतील तर पर्फ कंस दाखवतच नाही.

कर्नल प्रत्येक इव्हेंटसाठी दोन वेळा ठेवतो. टाइम_एनेबल्ड म्हणजे इव्हेंट मोजणीसाठी पात्र होता तो वेळ, आणि टाइम_रनिंग म्हणजे तो खरोखर काउंटरवर बसला तो वेळ. टास्कला (कर्नलच्या भाषेत एका थ्रेडला) जोडलेल्या इव्हेंटसाठी या दोन्ही वेळा टास्क सीपीयूवर असतानाच पुढे सरकतात. पर्फ स्टॅटला -व्ही दिलं की मूळ मोजणी, एनेबल्ड आणि रनिंग असे तीन आकडे शेजारी शेजारी दिसतात. मूळ मोजणी ३० कोटी, एनेबल्ड १००० मिलिसेकंद, रनिंग ४०० मिलिसेकंद असेल तर पर्फ ३० कोटी गुणिले १००० भागिले ४०० करून ७५ कोटी छापतो. त्यातले ४५ कोटी कुणीही मोजलेले नाहीत.

स्वतः पर्फ_इव्हेंट_ओपन हा सिस्टिम कॉल वापरत असाल तर रीड_फॉरमॅटमध्ये या दोन्ही वेळा मागून घ्या. त्या मागितल्या नाहीत तर नुसती मोजणी मिळते आणि ती पूर्ण आहे की अर्धवट, हे कळायला काही मार्ग उरत नाही. रनिंग शून्य असण्याची शक्यताही धरा, नाहीतर शून्याने भागाकार होईल.

हा अंदाज कधी चालतो? प्रोग्रॅम बराच वेळ एकाच लयीत चालत असेल तेव्हा. सर्व्हर सतत सारख्याच रिक्वेस्ट झेलतो आहे आणि तुम्ही मिनिटभर मोजता आहात, तर ४० टक्के नमुना पुरेसा असतो. पण प्रोग्रॅम आधी फाइल वाचतो, मग सॉर्ट करतो, मग लिहितो, असे टप्पे असतील तर तुमचा इव्हेंट नेमका कोणत्या टप्प्यात काउंटरवर होता यावर सगळं ठरतं. आणि प्रोग्रॅम दहा मिलिसेकंदांत संपत असेल तर रांगेतल्या शेवटच्या इव्हेंटची पाळी येण्याआधीच खेळ आटोपतो.

पाळी किती वेळाने बदलते, ते /सिस/बस/इव्हेंट_सोर्स/डिव्हाइसेस/सीपीयू खालच्या पर्फ_इव्हेंट_मक्स_इंटरव्हल_एमएस या फाइलमध्ये दिसतं. मूळ किंमत कर्नलच्या टिकइतकी, म्हणजे दोन टायमर इंटरप्टमधल्या अंतराइतकी, असते: २५० हर्ट्झच्या कर्नलवर ४, १००० हर्ट्झवर १. पूर्वी हे काम टायमर टिकवरच व्हायचं. पण सीपीयू रिकामा असताना टिक थांबवायची पद्धत आली आणि टिकबरोबर इव्हेंटची फिरवाफिरवही थांबू लागली. म्हणून त्यासाठी वेगळा हाय-रिझोल्यूशन टायमर आणला गेला. ही किंमत कमी केली तर नमुने बारीक मिळतात, पण दर वेळी रजिस्टर पुन्हा लिहिण्याचा खर्च येतो.

पायरी ३: ज्यांचा भागाकार करायचा ते एका ग्रुपमध्ये ठेवा

दर सायकलमागे किती इन्स्ट्रक्शन, दर हजार इन्स्ट्रक्शनमागे किती कॅश मिस, अशी गुणोत्तरंच आपल्याला हवी असतात. अंश एका वेळी मोजला आणि छेद दुसऱ्या वेळी, तर त्या गुणोत्तराला अर्थ नाही. त्यासाठी ग्रुप असतो. पर्फच्या कमांडमध्ये इव्हेंट महिरपी कंसात लिहा, सिस्टिम कॉलमध्ये पहिल्या इव्हेंटचा फाइल डिस्क्रिप्टर बाकीच्यांना ग्रुप_एफडी म्हणून द्या. पहिला तो लीडर, बाकीचे सिब्लिंग.

ग्रुपचा नियम लग्नाच्या पंगतीसारखा आहे: सगळं कुटुंब एका पंगतीला बसेल, नाहीतर सगळंच पुढच्या पंगतीची वाट बघेल. त्यामुळे ग्रुपमधल्या सगळ्यांचा रनिंग वेळ एकसारखा असतो आणि पूर्ण वेळ मिळाला नाही तरी गुणोत्तर शाबूत राहतं.

आता तो सापळा. हायपर-थ्रेडिंग चालू असलेलं स्कायलेक मशीन घ्या, वॉचडॉग चालू. ग्रुपमध्ये सायकल आणि जोडीला चार जनरल इव्हेंट टाका: ब्रँच, ब्रँच मिस, कॅश रेफरन्स, कॅश मिस. इव्हेंट उघडताना कर्नल तपासणी करतो. एक बनावट, पूर्ण रिकामा सीपीयू धरून हा ग्रुप त्यावर मावेल का ते पाहतो. सायकल फिक्स्डवर, चार जनरलवर, म्हणजे मावतो. ओपन यशस्वी होतं. पण खऱ्या सीपीयूवर सायकलचा फिक्स्ड काउंटर वॉचडॉगने घेतलेला आहे. आता पाच इव्हेंटना जनरल काउंटर हवेत आणि आहेत चारच. हा ग्रुप कधीही बसणार नाही, कितीही वाट बघितली तरी. पाचही ओळींपुढे 'नॉट काउंटेड' येतं आणि एरर कुठेच नाही.

उपाय तीन आहेत. मोजणीपुरता वॉचडॉग बंद करा (फाइलमध्ये ० लिहा, काम झाल्यावर १ परत लिहा). किंवा ग्रुप लहान करा. किंवा ग्रुपच्या कंसापुढे अपूर्णविराम देऊन मोठा डब्ल्यू लावा, त्याने ग्रुप 'वीक' होतो, म्हणजे ओपन करतानाच ग्रुप नाकारला गेला तर पर्फ तो मोडून इव्हेंट सुटे उघडतो. मात्र आपल्या उदाहरणात ओपन यशस्वी होतं हे विसरू नका. इथे नेमका पहिला किंवा दुसरा उपायच भरवशाचा.

एखादा इव्हेंट कोणत्याही परिस्थितीत सतत मोजायचाच असेल तर त्याला पिन्ड करा, पर्फमध्ये मोठ्या डी या मॉडिफायरने. पिन्ड इव्हेंटला काउंटर मिळाला नाही तर कर्नल त्याला रांगेत ठेवत नाही, थेट एरर अवस्थेत टाकतो. मग त्याच्यावर रीड केलं की ० बाइट मिळतात, फाइल संपल्यासारखे. ही वागणूक कडक वाटेल, पण मला ती आवडते. अर्धवट आकड्यापेक्षा स्पष्ट नकार बरा.

पायरी ४: रांगेत कोण पुढे

इथून कर्नलच्या आत. कोअर कोड कर्नल/इव्हेंट्स/कोअर.सी मध्ये आहे. हा लेख वाचताना ती फाइल शेजारी उघडी ठेवा.

इव्हेंट दोन प्रकारच्या संदर्भांत राहतात: एक सीपीयूचा (पूर्ण सिस्टिमसाठी उघडलेले), दुसरा टास्कचा. प्रत्येक संदर्भात पिन्ड ग्रुप आणि फ्लेक्सिबल (पिन्ड नसलेले, पाळीने बसणारे) ग्रुप यांचे दोन वेगळे रेड-ब्लॅक ट्री (क्रमाने लावलेल्या, झाडासारख्या याद्या) असतात. बसवण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी सीपीयूचे पिन्ड, मग टास्कचे पिन्ड, मग सीपीयूचे फ्लेक्सिबल, सगळ्यात शेवटी टास्कचे फ्लेक्सिबल.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. त्याच मशीनवर दुसऱ्या कुणी पर्फ स्टॅट -ए लावून पूर्ण सिस्टिमवर बरेच इव्हेंट मागितले असतील, किंवा मॉनिटरिंग एजंट गुपचूप तेच करत असेल, तर तुमच्या टास्कच्या इव्हेंटना उरलंसुरलंच मिळतं. टक्के अचानक घसरले तर आधी मशीनवर आणखी कोण मोजतंय ते शोधा.

टास्क बदलताना शेड्युलर जुन्या टास्कसाठी पर्फ_इव्हेंट_टास्क_शेड_आउट आणि नव्यासाठी पर्फ_इव्हेंट_टास्क_शेड_इन बोलावतो. कुणीच इव्हेंट उघडलेला नसेल तर स्टॅटिक की मुळे (कोडमधला नको असलेला फाटा बंद ठेवण्याची सोय) हे कॉल जवळपास फुकटात पार पडतात. शेड_इन होताना प्रत्येक ग्रुपसाठी ग्रुप_शेड_इन चालतं. त्यात आधी पीएमयूला (काउंटर सांभाळणाऱ्या हार्डवेअर युनिटच्या ड्रायव्हरला) 'ट्रान्झॅक्शन सुरू' असं सांगितलं जातं, मग लीडर आणि सिब्लिंग एकेक करून जोडले जातात, शेवटी कमिट. कमिट फसलं की जोडलेले सगळे मागे काढले जातात. पंगतीचा नियम इथे कोडमध्ये उतरतो.

फ्लेक्सिबल ग्रुप बसला नाही तर दोन गोष्टी होतात. 'रोटेट_नेसेसरी' ही खूण लागते आणि मल्टिप्लेक्सिंगचा, म्हणजे पाळी बदलण्याचा, टायमर सुरू होतो. आणि त्या फेरीत त्याच्यामागच्या हार्डवेअर ग्रुपना प्रयत्नही करू दिला जात नाही. तुमच्या रांगेत तीन इव्हेंटचे दोन ग्रुप आणि मागे एक सुटा इव्हेंट आहे, काउंटर चार. पहिला ग्रुप तीन घेतो, दुसरा मावत नाही, आणि सुट्या इव्हेंटला जागा असूनही चौथा काउंटर त्या फेरीत रिकामाच राहतो. सॉफ्टवेअर इव्हेंटना काउंटर लागत नसल्याने ते मात्र नेहमी बसतात.

टायमर वाजला की रांगेतला पुढचा एक ग्रुप उचलून शेवटी टाकला जातो. एकच. दहा सुटे इव्हेंट आणि चार काउंटर असतील तर चौकट दर पाळीला एक घर सरकते आणि प्रत्येकाला साधारण ४० टक्के वेळ मिळतो. ग्रुप लहानमोठे असतील तर वाटा समान राहत नाही. म्हणून मोजणी आखताना ग्रुप शक्यतो काउंटरच्या संख्येत नेमके मावतील असे पाडा. चार मोकळे काउंटर असतील तर तीन-तीनचे चार ग्रुप करण्यापेक्षा चार-चारचे तीन ग्रुप करा, बाराच्या बारा इव्हेंट मोजले जातात आणि वायाही काही जात नाही.

एक बदल नोंदवायला हवा. मोठे आणि लहान कोअर एकत्र असलेल्या प्रोसेसरवर एकाच टास्कला वेगवेगळ्या पीएमयूंचे इव्हेंट असू शकतात. जुन्या रचनेत त्यांचा मेळ नीट बसत नव्हता. ६.२ आवृत्तीत संदर्भांची मांडणी नव्याने झाली आणि एका संदर्भाखाली प्रत्येक पीएमयूचा वेगळा हिशोब आला. जुने लेख वाचताना फंक्शनची नावं जुळली नाहीत तर कारण बहुधा हे असतं.

पायरी ५: कोणता इव्हेंट कोणत्या काउंटरवर

चार काउंटर मोकळे आहेत म्हणजे कोणतेही चार इव्हेंट बसतील असं नाही. इंटेलवर काही इव्हेंट ठरावीक काउंटरवरच मोजता येतात. सँडी ब्रिजवर एल१डी_पेंड_मिस (कोड हेक्स ४८) फक्त काउंटर २ वर चालतो. लोड लेटन्सी (हेक्स सीडी) फक्त काउंटर ३ वर. इन्स्ट्रक्शन अचूक जागी पकडणारा प्रेक_डिस्ट फक्त काउंटर १ वर. कर्नल हे सगळं एका तक्त्यात ठेवतो. प्रत्येक नोंदीत इव्हेंटचा कोड, चालणाऱ्या काउंटरचा बिटमास्क आणि त्या मास्कमध्ये किती बिट १ आहेत तो आकडा असतो. या आकड्याला कोडमध्ये वेट म्हणतात. वेट जितकं कमी, तितका इव्हेंट हट्टी.

समजा तुम्ही तीन साधे इव्हेंट मागितले आणि चौथा एल१डी_पेंड_मिस. मागणीच्या क्रमाने वाटत गेलो तर साधे तीन ०, १, २ वर बसतात आणि चौथ्याला हवा असलेला २ गेलेला असतो. काउंटर ३ मोकळा असूनही ग्रुप फसतो. म्हणून एक्स८६_शेड्युल_इव्हेंट्स हे फंक्शन आधी सगळ्यांची वेट बघतं आणि कमी वेटवाल्यांना आधी जागा देतं. एल१डी_पेंड_मिस २ वर, मग साधे तीन ०, १ आणि ३ वर. फिक्स्ड काउंटरवर चालू शकणाऱ्या इव्हेंटसाठी आधी फिक्स्डच बघितला जातो, म्हणजे जनरल काउंटर वाचतात.

पण त्याआधी एक सोपी वाट आहे. प्रत्येक इव्हेंट मागच्या वेळी कोणत्या काउंटरवर होता ते लक्षात ठेवलेलं असतं. ते सगळे काउंटर अजून चालत असतील आणि आपसात भांडत नसतील तर तेच वाटप पुन्हा वापरतात. टास्क दर सेकंदाला शेकडो वेळा आत-बाहेर होत असतो, तेव्हा ही बचत मोलाची.

कमी वेटवाल्याला आधी बसवणं नेहमी पुरतं का? नाही. एएमडीच्या फॅमिली १५एच मध्ये सहा काउंटर होते आणि मास्क एकमेकांत अर्धवट गुंतलेले. एका इव्हेंटला ० किंवा ३ चालतो. दुसऱ्या जातीच्या इव्हेंटना ०, १, २ चालतात. तुम्ही पहिल्या जातीचा एक आणि दुसऱ्या जातीचे तीन मागितले. पहिल्याचं वेट २, म्हणून तो आधी येतो आणि सवयीने ० घेतो. मग तिघांना १ आणि २ च उरतात, एक उपाशी. पहिला ३ वर गेला असता तर सगळे बसले असते. २०११ मध्ये रॉबर्ट रिक्टर यांनी यासाठी मागे फिरून पुन्हा प्रयत्न करण्याची सोय केली. अशा मास्कवर 'ओव्हरलॅप' खूण असते. तिथून पुढे जाताना शेड्युलर स्थिती जपून ठेवतो आणि पुढे अडलं तर परत येऊन दुसरा काउंटर धरतो. खर्च फॅक्टोरियलच्या दराने वाढू शकतो, म्हणून ही खूण कमीत कमी नोंदींवर ठेवा, अशी ताकीद कोडच्या कॉमेंटमध्येच आहे. हा सगळा प्रकार इंटरप्ट बंद असताना, टास्क बदलण्याच्या ऐन मार्गात चालतो. तिथे परिपूर्ण उत्तरापेक्षा लवकर मिळणारं चांगलं उत्तर महत्त्वाचं.

वाटप ठरलं तरी रजिस्टर लगेच लिहिलं जात नाही. इव्हेंट जोडणारा ॲड कॉलबॅक (कोअर कोड बोलावतो ते ड्रायव्हरचं फंक्शन) फक्त यादीत नोंद करतो. ट्रान्झॅक्शन चालू असेल तर मावतं का ही तपासणीही पुढे ढकलतो आणि कमिटच्या वेळी अख्ख्या ग्रुपची एकदाच करतो. प्रत्यक्ष लिखाण एक्स८६_पीएमयू_एनेबलमध्ये होतं, तेही दोन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत ज्यांचा काउंटर बदलला आहे त्यांना थांबवून त्यांची मोजणी जमा करून घेतात. दुसऱ्या फेरीत सगळ्यांना नव्या जागी सुरू करतात. एकाच फेरीत केलं असतं तर २ वरून ३ वर जाणारा इव्हेंट ३ वरच्या अजून न हललेल्या इव्हेंटची मोजणी पुसून टाकू शकला असता.

वाटप शेजारच्या थ्रेडवरही अवलंबून असू शकतं, याचं उदाहरण सँडी ब्रिज, आयव्ही ब्रिज आणि हॅसवेलमध्ये सापडलं. हायपर-थ्रेडिंग चालू असताना हेक्स डी० ते डी३ हे मेमरी इव्हेंट एका थ्रेडवर मोजले तर शेजारच्या थ्रेडच्या त्याच क्रमांकाच्या काउंटरमधली मोजणी बिघडत होती. हार्डवेअरचा दोष, पण सावरायचा कर्नलने. मारिया दिमाकोपूलू आणि स्टेफान एरानियन यांचं काम ४.१ आवृत्तीत आलं: असा इव्हेंट एका बाजूला बसला की दुसऱ्या बाजूचा तोच काउंटर अडवला जातो. एका बाजूने सगळे अडवून दुसऱ्याची कोंडी करू नये म्हणून अर्ध्या काउंटरची मर्यादाही घातली आहे. या पिढीच्या मशीनवर टक्के अनपेक्षितपणे कमी दिसले तर शेजारच्या थ्रेडवर काय चाललंय तेही बघा.

आर्मवर ही गुंतागुंत जवळजवळ नाही. सायकलला स्वतःचा काउंटर, बाकी कोणताही इव्हेंट कोणत्याही मोकळ्या काउंटरवर, त्यामुळे पहिला मोकळा बिट शोधला की काम झालं. पॉवर प्रोसेसर दुसऱ्या टोकाला आहे. तिथे इव्हेंटवरची बंधनं इतकी आहेत की एकाच घटनेसाठी पर्यायी कोड असतात, आणि एक बसला नाही तर कर्नल पर्यायी कोड लावून पाहतो. तो कोड पॉल मॅकेरस यांनी लिहिला, आणि बंधनं थोड्या बिटमध्ये कशी कोंबावीत हे शिकायला तो वाचण्यासारखा आहे.

पायरी ६: स्वतःचा पीएमयू ड्रायव्हर लिहिताना

मेमरी कंट्रोलर, इंटरकनेक्ट, एखादा ॲक्सिलरेटर यांच्यातही काउंटर असतात आणि त्यांच्यासाठी ड्रायव्हर लिहायची वेळ येते. स्ट्रक्ट पीएमयू भरून पर्फ_पीएमयू_रजिस्टर बोलवायचं, एवढं सगळ्यांना दिसतं. चुका होतात त्या कॉलबॅकच्या करारात.

इव्हेंट_इनिट: इव्हेंट तुमचा नसेल तर ईनोएन्ट हा एरर कोड परत करा, म्हणजे कोअर दुसऱ्या पीएमयूला विचारेल. तुमचा आहे पण शक्य नाही, तर ईइनव्हॅल. ग्रुप कधीच मावणार नसेल तर इथेच नाकारा. लीडर आणि सिब्लिंगपैकी तुमच्या पीएमयूचे मोजा, संख्या काउंटरहून जास्त असेल तर तिथेच थांबवा. काउंटर अख्ख्या सॉकेटचा असेल तर तो टास्कला जोडता येत नाही. तेव्हा टास्क_सीटीएक्स_एनआर मध्ये पर्फ_इनव्हॅलिड_काँटेक्स्ट ठेवा आणि कोणत्या सीपीयूवरून मोजायचं ते सिसएफएसमधल्या सीपीयूमास्क फाइलमधून सांगा.

कॉन्फिग या ६४ बिटांच्या फील्डची तपासणी जीव ओतून करा, कारण ते युजरकडून येतं. २०१३ मध्ये उघड झालेली सीव्हीई-२०१३-२०९४ ही सुरक्षेतली त्रुटी नेमकी इथली: सॉफ्टवेअर इव्हेंटच्या कोडमध्ये हे ६४ बिटांचं मूल्य इंटमध्ये घेतलं होतं. वरची मर्यादा तपासली होती, पण ऋण आकडा त्यातून निसटला. ॲरेच्या बाहेर लिहिता आलं आणि साध्या युजरला रूट मिळवता आलं. टॉमी रांताला यांनी ट्रिनिटी या फझरने (अंदाधुंद इनपुट देऊन बग शोधणाऱ्या टूलने) ती शोधली होती.

ॲड: मोकळा काउंटर शोधा, नसेल तर ईएगेन. मिळाला तर इव्हेंटला थांबलेला आणि अद्ययावत अशा दोन खुणा लावा, आणि पर्फ_ईएफ_स्टार्ट फ्लॅग असेल तरच स्टार्ट बोलवा. डेल त्याच्या उलट: पर्फ_ईएफ_अपडेट देऊन थांबवा, मग काउंटर मोकळा करा. थांबवताना मोजणी जमा करायला विसरलात तर मल्टिप्लेक्सिंग सुरू होईपर्यंत सगळं बरोबर दिसेल आणि मग दर पाळीला थोडी थोडी मोजणी गळू लागेल.

मोजणी जमा करताना मागची किंमत आणि नवी किंमत यांचा फरक काउंटरच्या रुंदीनुसार काढा. ४८ बिटांच्या काउंटरसाठी दोन्ही किमती १६ बिट डावीकडे सरकवून वजाबाकी करा आणि निकाल परत उजवीकडे आणा, म्हणजे काउंटर उलटून शून्यावर आला तरी फरक बरोबर निघतो. मागची किंमत बदलताना साधी असाइनमेंट नको, कंपेअर-एक्सचेंज वापरा, कारण मध्येच इंटरप्ट येऊन तेच काम करू शकतो. हार्डवेअरला ओव्हरफ्लो इंटरप्ट नसेल तर नो_इंटरप्ट ही क्षमता जाहीर करा, आणि काउंटर दोनदा उलटण्याआधी वाचला जाईल असा एचआरटायमर स्वतः लावा.

कॉलबॅक रॉ स्पिनलॉक धरून, इंटरप्ट बंद असताना चालतात. तिथे झोपणारं काहीही नको: म्युटेक्स नाही, झोपू शकणारं मेमरी ॲलोकेशन नाही, आय-टू-सी बसवरचा संथ व्यवहार तर नाहीच.

तपासणीचा क्रम मी असा ठेवतो. आधी लॉकडेप (लॉक वापरण्यातल्या चुका पकडणारी तपासणी) आणि ॲटॉमिक स्लीप डिबग चालू असलेला कर्नल बांधा. मग आधीच ठाऊक असलेला आकडा मोजा. ठरावीक फेऱ्यांचं लूप चालवा आणि इन्स्ट्रक्शन हाताने काढलेल्या हिशोबाशी जुळतात का बघा. नंतर काउंटर आहेत त्याहून एक इव्हेंट जास्त मागा आणि मूळ मोजणी, एनेबल्ड, रनिंग हे तिन्ही आकडे बघा. सगळ्यांच्या रनिंगची बेरीज काउंटरची संख्या गुणिले एनेबल्ड याच्या जवळ यायला हवी. मोठी तूट दिसली तर एखादा काउंटर डेलमध्ये मोकळा होत नाही. त्यानंतर एकाच वेळी एक पिन्ड इव्हेंट, एक पूर्ण सिस्टिमवरचा आणि एक टास्कवरचा असा गोंधळ मुद्दाम उभा करा, आणि मोजणी चालू असताना सीपीयू ऑफलाइन-ऑनलाइन करून पाहा. सॉकेटच्या काउंटरचं मोजणं दुसऱ्या सीपीयूवर नीट गेलं का, हे तिथेच कळतं. शेवटी विन्स वीव्हर यांचा पर्फ_फझर रात्रभर चालू ठेवा. त्याने मुख्य कर्नलमधलेच कितीतरी बग बाहेर काढले आहेत, आणि चालवताना सीरियल कन्सोल जोडलेला असू द्या, कारण मशीन अडकलं तर शेवटच्या ओळी फक्त तिथेच मिळतात.